पहिलं तुझं, दुसरं माझं

१४ ऑक्टोबर, मंगळवार. वालूर.

खांदा बसला. जोर न लावता.

आश्रुबा सोयाबीनच्या पोत्यांवर बसून येत होता. ट्रॉली खड्ड्यात गेली, तो खाली. आला तेव्हा डावा हात उजव्या हातात धरलेला, झोपलेलं मूल सांभाळावं तसा. खांद्याची गोलाई गेलेली, तिथे कोपरा. आरोग्य केंद्रात एक्स-रे नाही. बोटांनी पाहिलं. हाडाचा गोळा पुढे आणि खाली. मोडल्याची खूण नाही.

पार्वतीबाई इथल्या शिपाई. माझ्याआधी आलेल्या सगळ्या डॉक्टरांना त्यांनीच वळण लावलं, असं त्या स्वतः सांगतात. म्हणाल्या, "मॅडम, दोन गडी बोलावू का? येक वढायला, येक धरायला."

नको म्हटलं.

कोपर अंगाशी, हात काटकोनात. मनगट धरून बाहेरच्या बाजूला फिरवत न्यायचं, इतकं हळू की त्याला कळू नये. दुखलं की थांबायचं. स्नायू दमतो, सोडतो, मग पुढे. तोवर बोलत राहायचं. मला बोलता येत नाही, म्हणून मी त्यालाच विचारत राहिले. कापूस किती वेचून झाला. मुलगी कुठे दिली. तो मुलीच्या सासूबद्दल सांगत होता — "लय बोलती ओ ती बाई, घास गिळायला बी थांबत न्हाई" — आणि मध्येच माझ्या हाताखाली काहीतरी आपल्या जागी गेलं. आवाज म्हणता येणार नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी दार अलगद लावावं, तसं.

"मॅडम, कवा बसवायलाव?"

"बसला."

पार्वतीबाई म्हणाल्या, "मला वाटलं नुसत्या गप्पा हानायलाव."

झोळी बांधून एक्स-रेला सेलूला पाठवलं. ते दाराचं लागणं दिवसभर तळहातात राहिलं. मला ऑर्थो करायचं आहे. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. इथेही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

१५ ऑक्टोबर

नीट-पीजीची माझी रँक मधली आहे. स्त्रीरोग चांगल्या सरकारी कॉलेजात नक्की मिळेल. ऑर्थो काठावर. गेल्या वर्षीच्या याद्या पाहिल्या. कधी माझ्या अलीकडे संपतं, कधी पलीकडे.

घरात प्रश्नच नाही. रुद्राणी स्त्रीरोगतज्ज्ञ होणार आणि सोनपेठला येणार. आमच्या दुकानावरचा मजला बाबांनी मी बारावीत असतानाच चढवला. गिलावा बाकी आहे. "तू सांगशील तशा खोल्या पाडू." सोनपेठच्या बायकांना सिझरची वेळ आली की परळी नाहीतर परभणी. रस्ता कसा आहे ते मला माहीत आहे.

बाबा चूक नाहीत. हीच अडचण आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सोनपेठ.

दिवाळीला घरी. पाथरीला गाडी बदलली. पुढच्या गाडीत खिडकी मिळाली आणि मी कुठे आहे ते विसरले. दोन्हीकडे फुटलेला कापूस, वर धुकं, धुक्यात मध्येच एखादं झाड नुसत्या फांद्यांचं. हाडाला आतून कापून पाहिलं की जाळी दिसते. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने तिच्या रेघा वळलेल्या असतात. आज सगळं रान तसं दिसत होतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, सोनपेठ. उतरायचंय का परळीला यायचंय?"

दुकानात लहानपणीसारखी बसले. मोळे, बिजागऱ्या, पाइप, मोटारी. लाकडाच्या स्क्रूचे आटे रुंद, लोखंडाच्या स्क्रूचे बारीक. मऊ हाडाच्या आणि कडक हाडाच्या स्क्रूंमध्ये तोच फरक. कॉलेजात सगळे हे पाठ करत होते. मला ते पाचवीपासून येत होतं, फक्त कशाचं आहे ते माहीत नव्हतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. गल्ल्याला गंध, तराजूला गंध. माझे आजोबा, अप्पा, म्हणाले, "त्या नव्या ड्रिल मशीनला बी लाव, तेच जास्त कमावतंय." लावलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी निघणार होते. अप्पा पडले.

परसात बेलाची पानं तोडायला गेले, दगड ओला होता. आईने हाक मारली. मी दारातूनच पाहिलं. उजवा पाय बाहेर वळलेला आणि आखूड. खुब्याचं हाड, मानेशी मोडलेलं. हात लावायच्या आधी कळलं.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, मी नापास का?"

पानं मुठीत तशीच होती. पाय दोन उशांमध्ये धरून परभणीला आणलं.

२५ ऑक्टोबर. परभणी.

एक्स-रे. तेच. तुकडा पूर्ण सरकलेला. या वयात तो जुळत नाही. हाडाचा गोळा काढून धातूचा बसवायचा.

सर्जन हरिओम सर. मोठे हात, बारीक आवाज. अप्पांना म्हणाले, "आजोबा, तिसऱ्या दिवशी चालवतो. फक्त मांडी बंद. खाली बसणं बंद. कमोड. जन्मभर."

अप्पा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या."

सरांना वाटलं भीती आहे. समजावत राहिले. अप्पा छताकडे बघत होते. शेवटी बाबांनी सांगितलं. आम्ही लिंगायत. अप्पा रोज मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करतात. आठव्या वर्षापासून एक दिवस चुकलेला नाही. आणि आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात समाधीत, तसंच, तळहातावर लिंग देऊन.

अप्पांनी एवढंच विचारलं, "डाक्टर, मला काय खुर्चीवर बसवून पुरनार का?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मग गप्प झाला.

ऑपरेशन नाही केलं तर अंथरूण. अंथरुणात या वयाचा माणूस छातीत कफ होऊन जातो. हे मी बाहेर व्हरांड्यात बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग." मग म्हणाले, "तुझं तरी ऐकतील." मला सांगता आलं नाही. सांगायला आधी माहीत पाहिजे, मांडी नेमकी कशाने बिघडते.

२६ ऑक्टोबर, रविवार

अप्पांचे कपडे आणायला सोनपेठला आले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यासाला घेतलेली हाडं दुकानाच्या गोदामात आहेत, पाइपांच्या मागे, गोणीत. आईने ती कधी घरात येऊ दिली नाहीत. "लिंगपूजेचं घर आहे. कुणाचं कोण ते."

उजव्या मांडीचं हाड, उजव्या कमरेचं हाड. गोदामाच्या उंबऱ्यावर ऊन येत होतं, तिथे बसले. गोळा खोबणीत ठेवला आणि फिरवला. आधी नुसताच, मग डोळे मिटून. हळूहळू असं वाटायला लागलं की माझाच पाय दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. कावळे ओरडत होते, कुठेतरी कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ती आवाजांची जागा लांब गेली आणि फक्त तो गोळा उरला, फिरणारा.

सर खुबा मागून उघडतात. मागून उघडलं की गोळा मागे निसटण्याची भीती. पाय वाकवून आत घेतला आणि आत वळवला की तो मागच्या काठावर चढतो. हातात कळतं. पण मांडीत पाय आत येत नाही. बाहेर उघडतो, बाहेर वळतो. तेव्हा गोळा खोबणीत आणखी आत बसतो.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

म्हणजे बिघडवते ती मांडी नाही. मांडी घालायला खाली उतरताना आणि उठताना गुडघा आत पडतो, ते. नियम सोयीसाठी सरसकट दिलेला आहे.

आई चहा घेऊन आली, गोदामाबाहेरच थांबली. "कुणाशी बोलायलीस?" मी बोलत होते हे मला माहीत नव्हतं.

२७ ऑक्टोबर

सरांना ओपीडी संपल्यावर गाठलं. सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

"कुठे वाचलंस?"

"हाडं हातात घेऊन पाहिलं."

"मग मी सगळ्यांना मांडी बंद का सांगतो?"

"खाली बसताना कुणी कसं बसेल ते सांगता येत नाही म्हणून."

"बरोबर. शंभरातल्या पाचांसाठी पंच्याण्णवांची मांडी काढून घेतो आम्ही." थोडं हसले. "दिवाणावर, आधार धरून, कुणीतरी शिकवलं तर महिन्या-दीड महिन्याने चालेल. शिकवणारी आहेस का?"

"हो."

"ऑर्थो करायचंय का तुला?"

"नाही," म्हटलं.

किती पटकन म्हटलं! विचारणारा पहिला माणूस, आणि मी नाही म्हटलं.

दुपारी अप्पांना सगळं सांगितलं. माझ्या मुठीचा गोळा, दुसऱ्या तळहाताची खोबणी. त्यांनी नीट पाहिलं. दुकान चालवलेला माणूस आहे, वस्तू कशी फिरते ते बघतो. मग म्हणाले, "हे तू त्यांच्याकडून बोलायलीस का तुझ्याकडून?"

"माझ्याकडून."

"तू कापलं आसतंस?"

"अजून येत नाही. शिकायचं आहे."

"बाळंतपनाचं?"

सलाइनचे थेंब पडत होते. मी म्हटलं, "नाही. हाडाचं."

"हां," म्हणाले. जसं काही किंमत पटली. "मंग करा म्हनावं. आन् ह्ये आपल्यातच ऱ्हाऊ दे, न्हाई का?"

हो म्हटलं.

२८ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. सरांनी आत घेतलं.

लिहिता येण्यासारखं कमी आहे. हिरवं कापड, मध्ये एक चौकोन, तो चौकोन म्हणजे अप्पा आहेत हे मला सुरुवातीला माहीत होतं आणि मग नव्हतं. पाय मला धरायला दिला. जड होता. झोपलेल्या माणसाचा पाय पूर्ण विश्वासाने जड असतो. सर म्हणाले, "आत घे, वळव." गोळा बाहेर आला. गारगोटीसारखा, एका बाजूने चमकणारा. ऐंशी वर्षांच्या चालण्याने गुळगुळीत झालेला. ट्रेमध्ये ठेवला तेव्हा मला वाटलं कुणीतरी त्याच्यावर कापड टाकावं.

हातोडी. सिमेंट. नवा गोळा बसला तेव्हा तोच तो दाराचा भास.

मग सरांनी जखम शिवायच्या आधी मान हलवली. "आता घाल मांडी." मी पाय वाकवला, बाहेर उघडला, बाहेर वळवला. आम्ही दोघं आत बघत होतो. गोळा हलला नाही. "आता उलटं कर, हळू." आत आणला, वळवला. एका ठिकाणी तो काठावर चढायला लागला.

"बस," सर म्हणाले. "पाहिलंस ना?"

पाहिलं.

बाहेर आले तर ऊन इतकं पिवळं होतं की मी डोळे मिटून भिंतीला टेकून उभी राहिले. आईला वाटलं काहीतरी वाईट झालं.

३० ऑक्टोबर

भूल, वय, नवी जागा. अप्पांना भ्रम झाला आहे. येतो, जातो. धोका नाही. पण आज दुपारी झालं ते लिहून ठेवते.

बाबा खाटेजवळ खुर्चीवर होते. मी ताप बघायला आले. अप्पांनी बाबांकडे नीट पाहिलं आणि गिऱ्हाईक समजून बोलायला लागले.

"काय पायजे?"

बाबा गोंधळले. मग म्हणाले, "बिजागरी."

"किती इंची?"

"चार."

"बसा. काढून देतो." मग माझ्याकडे बोट. "ही माझी नात. डाक्टर हाय."

"आसं का."

"हाडाची व्हनार हाय. कुनाला बोलू नका. घरी सांगितलं न्हाई तिनं."

मी थर्मामीटर धरून उभी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अप्पांकडे झुकले आणि हलक्या आवाजात विचारलं, "बापाला बी न्हाई?"

"बापाला?" अप्पा हसले. "त्येला सांगितलं की त्यो आधी वरचा मजला दावतो. मानूस चांगला हाय. पन मजला दावतो."

बाबांनी खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "मंग बिजागरीचं काय करू?"

"उद्या या."

१ नोव्हेंबर

अप्पा शुद्धीत. काही आठवत नाही. वॉकर धरून दारापर्यंत गेले.

बाबा माझ्याशी जेवण, औषधं, गाडीच्या वेळा यांवर बोलतात. बाकी नाही. मी उद्या वालूरला परत.

७ नोव्हेंबर. वालूर.

काल संध्याकाळी बारवेवर गेले. वरून पाहिलं की पायऱ्या गोल फिरत खाली जातात, एकीतून दुसरी निघाल्यासारख्या. या वर्षी पाणी बरंच वर आहे. सगळ्यात खालच्या पायऱ्या पाण्यात, पण दिसतात, हिरव्या. मी बसून राहिले. पिळून मोडलेल्या हाडाची चीर अशीच फिरत जाते, घोट्यापासून वर. लहान मुलांचं तर इतकं सुंदर मोडतं की — हे वाक्य कुणी वाचलं तर काय म्हणेल!

रात्री स्वप्नात मी त्याच पायऱ्या उतरत होते. खाली पाणी नव्हतं, दुकानातलं गोदाम होतं, आणि सगळ्या पाइपांना पांढरी फुलं आलेली होती.

९ नोव्हेंबर

पहाटे कस्तुराबाईच्या सुनेचं बाळंतपण. मुलगी. दोघी चांगल्या. नाळ, वजन, टाका, सगळं जसं व्हायला हवं तसं. कस्तुराबाईने माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "तुमच्या हाताला यश हाय, मॅडम."

असेल. मी चांगलं करते. मूल रडलं, मी घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. आत काही लागलं नाही, काही उघडलं नाही. हे त्यांना कळत नाही. बाबांच्या मजल्यावर आलेल्या बायकांनाही कळणार नाही. फक्त मला कळत राहील, रोज.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा आले. न सांगता. वालूरला कधी आले नव्हते. दोन एसट्या बदलून, हातात आईचा डबा, अंगात लग्नाकार्याचा सदरा.

ओपीडी चालू होती. ते बाकावर पेशंटमध्ये बसले. पार्वतीबाईंनी त्यांना विचारलं, "काय व्हायलंय?" ते म्हणाले, "काही न्हाई, मी बाप हाय." "मंग आत जावा की." "नको. नंबर यऊ द्या."

नंबर आला तेव्हा समोरच्या स्टुलावर बसले. मी पेन खाली ठेवलं.

"आप्पा बोलले ते खरं हाय का भूल होती?"

"खरं आहे."

"मला का सांगितलं न्हाईस?"

उत्तर होतं. तुम्ही ओरडला नसता, म्हणून. तुम्ही गप्प वर जाऊन त्या मजल्यावर उभे राहिला असता. हे बोलले नाही. म्हटलं, "नक्की मिळेल असं नव्हतं."

"त्यात ताकद लागती म्हनतात."

"नाही लागत."

त्यांच्या मागे दारात पार्वतीबाई उभ्याच होत्या. "न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दुकानात मोठं गिऱ्हाईक आलं की ठेवतात, तशी. "ती यादी भरायची आसती ना, कुठलं पहिलं, कुठलं दुसरं."

"हो. सोमवारी बंद होते."

"पहिलं तुझं टाक. दुसरं माझं टाक. मंग जे येईल ते आपलं दोघांचं."

सौदा सरळ आहे. ऑर्थो वर असल्याने स्त्रीरोगची संधी कमी होत नाही. मी पाहिलंय. आणि ऑर्थो नाही आलं तर हात रिकामा राहत नाही. कुठलाही शहाणा माणूस हेच करेल.

बरं म्हटलं. डबा उघडला. धपाटे होते. दोघांनी खाल्ले.

१६ नोव्हेंबर

यादी भरली. आधी ऑर्थोची सगळी कॉलेजं, मग स्त्रीरोग. पक्की केली. स्त्रीरोग लिहिताना हात थांबला होता. हेच खरं मागणं आहे आणि वरचं सगळं शोभेचं, असं वाटलं. वाटण्याला आकडा नसतो. पुढे गेले.

२५ नोव्हेंबर

यादी लागली. स्त्रीरोग. नांदेड.

ऑर्थो माझ्या आधी संपलं. थोडक्यात. शेवटच्या जागेवर नाव असलेली मुलगी किंवा मुलगा कोण, ते पाहिलं नाही.

बाबांना फोन केला. त्यांनी आधी कॉलेजचं नाव पुन्हा विचारलं. मग, "चांगलं कॉलेज हाय ना?" म्हटलं, "खूप चांगलं आहे." मागे आई रडत होती, आनंदाने.

ओपीडीत पासष्ट पेशंट. एकालाही चुकीचं औषध दिलं नाही.

२८ नोव्हेंबर

नियम पुन्हा वाचला. स्पष्ट आहे. मिळालेल्या जागी मुदतीत, ३ डिसेंबरपर्यंत, रुजू व्हायचं. नाही झालं तर जागा गेली, आणि या वर्षीच्या पुढच्या कुठल्याही फेरीत नाव नाही.

कुणीही सोडत नाही अशी जागा. मीही सोडणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. सोनपेठ.

चौकात फ्लेक्स लागला आहे. "डॉ. रुद्राणी, भावी स्त्रीरोगतज्ज्ञ." फोटो दहावीचा, दोन वेण्यांचा. खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे. आई दोनदा भाजीला जाऊन आली, तिकडूनच.

बायका येत होत्या. कुणी लेकीला घेऊन, कुणी सुनेला. एक म्हणाली, "तुमी येस्तोवर हिला थांबवते दुसऱ्या खेपंला." सगळ्या हसल्या. मी हसले. चेहरा दुखतो याने.

तिसऱ्या प्रहरी अप्पांनी हाक मारली. म्हणाले, आज. महिना उलटून गेला होता. सर हो म्हणाले होते. दिवाणावर बसवलं, पाठीला भिंत. गुडघा आत पडू द्यायचा नाही. मी हात गुडघ्याच्या आतून लावला, बाहेर टेकत नेला. बाबा दुसऱ्या बाजूला, वाकलेले. मी सांगत होते तसं त्यांनी अप्पांचं पाऊल उचललं, आत सारलं. मग बाबा जोर लावायला लागले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "घाई नाही. तो स्वतः जाईल."

गेला.

अप्पांनी डावा तळहात पुढे केला. आईने लिंग ठेवलं. ते बघत राहिले, आणि आम्ही त्यांच्याकडे. जाळीच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यात विभूतीची धूळ वर जात होती आणि खालीच येत नव्हती. रस्त्यावरून कुणीतरी ट्रॅक्टर नेला, तो पाण्याखालून गेल्यासारखा. किती वेळ ते माहीत नाही. मला वेळ नेहमी माहीत असतो.

भान आलं तेव्हा बाबा अप्पांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. माझ्या हाताकडे. तो अजून गुडघ्याखालीच होता.

ते उठून दुकानात गेले.

२ डिसेंबर

कागदपत्रं लावली. मूळ एका बाजूला, नकला दुसऱ्या. बाबा म्हणाले, मीही येतो.

३ डिसेंबर, बुधवार. नांदेडहून येताना, गाडीत.

खिडकीसमोर बाक होता. आम्ही दुपारपासून त्यावर बसून होतो. फाइल बाबांच्या मांडीवर. रांग संपली. आतल्या बाईंनी विचारलं, "तुमचं राहिलंय का?" मी उठले नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ऊठ म्हणाले नाहीत. पाचला खिडकी बंद झाली.

आत्ता पूर्णा स्टेशन सुटलं. बाबांनी विचारलं, "ती परीक्षा पुन्हा कवा आसती?"